चौतीसची पेटी

…आणि वर मलाच म्हणतात, "विचारायचं नाही का!" आता तुम्हीच सांगा, ज्याला शब्दाचा अर्थ माहीत नाही तो विचारेल. ज्याला माहीत आहे तो कशाला विचारेल? आणि मला पेटी माहीत होती हो! पेटी म्हणजे बाजाची पेटी. भाता हलवायचा, पट्ट्यांवर बोटं फिरवायची, आणि आ करून गायचं… मराठी माणसाला पेटी म्हणजे काय ते विचारावं लागतं का? म्हणून नाही विचारलं. बस, एवढाच माझा गुन्हा. नाही विचारलं!

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हालाही वाटेल की पोरगा येडा आहे.

मी देवासचा. आजोबा जळगावकडून इकडे कारखान्यात आले, मग बाबा कारखान्यात, मग मी कारखान्यात. नववीत शाळा सुटली… म्हणजे मी आणि शाळेनं मिळून तसं ठरवलं म्हणा. पण मशीन मला समजतं. माणसं नाही समजत, मशीन समजतं. मशीनशी बोलावं लागत नाही हो, नुसता कान लावला की तेच सांगतं कुठं दुखतंय. नाव अक्षत. हसू नका. आईनं हौसेनं ठेवलं, पण विचार करा, अक्षत म्हणजे काय? लग्नात दुसऱ्याच्या डोक्यावर टाकायची वस्तू!

तर धारला माझी नलिनीआत्या राहते, आणि तिच्या शेजारी दत्तोपंत. मोठं घराणं. पणजोबा संस्थानात कारभारी होते, आता घरात सगळे मास्तर नाहीतर वकील. आणि मराठी अशी बोलतात, तुम्हाला सांगतो, मला खाली अक्षरं दिसायला पाहिजेत पिक्चरसारखी. आम्ही देवासवाले कसे, "आई, पोहे बन गए क्या, मला लेट होतंय यार!" आणि तिकडे दत्तोपंतांच्या पत्नी, विद्युल्लताकाकू, पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "अक्षत, जरा विसावा, मी आधण ठेवते." आधण! मला वाटलं काहीतरी पूजाबिजा असेल, मी चपला काढून हात जोडून उभा. चहाचं पाणी हो! चहाचं पाणी निघालं! पण तेव्हा तरी विचारलं का? नाही विचारलं.

आणि त्यांची मुलगी वल्लरी. शाळेत गणित शिकवते. म्हणजे बघा, जी गोष्ट मी नववीत सोडून पळालो, तीच ती शिकवते.

मला तिला विचारायचं होतं. काय विचारायचं होतं ते तुम्हाला समजलं, आत्याला समजलं होतं, आत्याच्या दूधवाल्यालासुद्धा समजलं होतं. वर्षात पाच वेळा धारला गेलो. दर वेळी वल्लरी फाटकापर्यंत सोडायला यायची. उभी राहायची. म्हणायची, "मग?"

आणि मी म्हणायचो, "मग… येतो."

पाच वेळा! पाच वेळा "मग?" आणि पाच वेळा "येतो"! आत्या कपाळ बडवायची. "अरे मेल्या, तिच्या घरचे तुझ्या नववीकडे बघतायत, ती तुझ्याकडे बघतेय, आणि तू चपलांकडे बघतोयस! विचार की!" पण आत्या, चपला उत्तर मागत नाहीत ना… नाही विचारलं.

तेवढ्यात आमच्या कंपनीनं इटलीत एक जुनं मशीन घेतलं. ते तिथं जाऊन खोलायचं, नंबर टाकायचे, पेट्यांत… म्हणजे खोक्यांत भरायचं, आणि इकडे पाठवायचं. आमचे सुपरवायझर बळवंतराव साहेबांना म्हणाले, "साहेब, इंजिनियर नेलात तर तो फोटो काढेल. ह्या पोराला न्या, हा खोलेल." झालं! नववी नापास माणूस इटलीला! धारला बातमी गेली, आणि दत्तोपंत म्हणे आत्याला म्हणाले, "मुलगा परदेशी जाऊन येतो आहे, चांगलं आहे. आल्यावर बघू." बघू! तुम्हाला सांगतो, त्या 'बघू'वर मी विमानात जेवलो नाही, झोपलो नाही. नुसता 'बघू' चघळत बसलो होतो.

आणि तिथं, सोळाव्या दिवशी, काकूंचा मेसेज. मोबाईल बघितला आणि हातातला पाना पडला. खुद्द काकू! मराठीत! मी हिंदी शाळेतला, अक्षर अक्षर जोडून वाचलं, आणि आता माझं तोंडपाठ आहे ते, मेलो तरी विसरणार नाही.

"चि. अक्षत यांस आशीर्वाद. येताना ह्यांच्याकरिता एक चांगली पेटी आणावी. चौतीसची. इकडच्या महिनाभरात ढिल्या पडतात. पेटीवाचून ह्यांना बसवत नाही, गुरुवारची भजनं बंद पडली आहेत."

आता सांगा! तुम्ही काय समजला असता? पेटी! भजनं! पेटीवाचून बसवत नाही! आणि मी काय केलं माहीत आहे? मी डोकं लावलं. तिथंच चुकलो. मी म्हटलं, अक्षत, देवासला आपण कशालाही पेटी म्हणतो, आंब्याची पेटी, लोखंडाची पेटी. पण ही धारची जुनी मराठी. इथं पेटी म्हणजे बाजाची पेटी! आज जर तू विचारलंस ना, "काकू, कौनसी पेटी?" तर त्या म्हणतील, बघा, ह्या मुलाला साधं मराठी येत नाही, ह्याच्या घरी कशी नांदेल आमची वल्लरी? माझी इज्जत राहावी म्हणून, त्यांच्या मराठीचा मान राहावा म्हणून… नाही विचारलं!

आणि चौतीस म्हणजे? चौतीस पट्ट्या! आणखी काय असणार?

त्या गावात वाजवायच्या वस्तूंचं एक दुकान होतं. म्हातारा दुकानदार. त्याला माझं येत नाही, मला त्याचं येत नाही. मी छातीजवळ हात धरून भाता ओढायची ॲक्टिंग केली, मग दहा बोटं तीन वेळा दाखवली आणि वर चार. म्हातारा असा खुलला! आत गेला आणि घेऊन आला. लाल, मोत्यासारखी चकाकणारी, गळ्यात अडकवायची, एका बाजूला पट्ट्या, दुसऱ्या बाजूला बटणंच बटणं. अकॉर्डियन! मी पट्ट्या मोजल्या. बरोब्बर चौतीस! तुम्हाला सांगतो, एक जरी पट्टी कमी निघाली असती ना, तर मी वाचलो असतो. पण नाही. देवानं मोजून चौतीस दिल्या.

माझ्याबरोबर आलेले बळवंतराव बघून खालीच बसले. "अरे येड्या, लोक इटलीतून सेंट नेतात, चॉकलेट नेतात. तू हे धूड घेऊन चाललास?"

"भजनासाठी आहे," मी म्हटलं.

"भजन? हे गळ्यात घालून भजन? अरे, ह्याच्यावर गोरे लोक नाचतात!"

आठ किलो हो! आठ किलो! सामानात वजन बसेना, म्हणून माझे कपडे मी अंगावर घातले. तीन शर्ट, दोन पँट, वर स्वेटर, आणि मांडीवर खोक्यासकट ती. विमानात जरा हललो की आतून आवाज, "भँऽऽऽ". शेजारच्या बाई दचकून उठायच्या. मी म्हणायचो सॉरी, आणि सॉरी म्हणताना पुन्हा हलायचो… "भँऽऽऽ". सगळा प्रवास, मी सॉरी, ती भँ. मी सॉरी, ती भँ.

दिल्लीला उतरलो तर तपासणीवाले साहेब. खोक्यावर बोट ठेवून म्हणतात, "पेटी में क्या है?"

मी म्हटलं, "पेटी."

"हाँ हाँ, पेटी. इसके अंदर क्या है?"

"साहब, पेटी."

"भाई, ये पेटी है, दिख रही है. मैं पूछ रहा हूँ, पेटी के अंदर?"

"पेटी के अंदर… पेटी."

साहेबांनी दुसऱ्या साहेबांना बोलावलं. दुसरे म्हणाले, "अच्छा, पेटी के अंदर पेटी. और उसके अंदर?" मी म्हटलं, "हवा." मागे लाईनीत बळवंतराव, तुम्हाला सांगतो, मला ओळखतच नव्हते! शेवटी खोललं, साहेबांनी उचललं, "भँऽऽऽ"… साहेब हसले, सोडलं. आणि तेव्हाच, त्याच क्षणी, माझ्या डोक्यात यायला पाहिजे होतं की बाबा, ह्या देशात पेटीचे फार अर्थ आहेत, एकदा फोन लाव आणि विचार. पण…? हां. नाही विचारलं.

देवासहून इंदूर, इंदूरहून धार. बसमध्ये कंडक्टर म्हणतो, "भिया, इसका टिकट?" मी म्हटलं, सामान आहे. "सामान ऊपर जाता है, भिया. जो सीट पे बैठे वो सवारी." घेतलं. तिला खिडकी दिली, मी कडेला. वाटभर मनात एकच वाक्य. पेटी द्यायची, नमस्कार करायचा, आणि वल्लरी फाटकापर्यंत आली, 'मग?' म्हणाली, की विचारायचं. ह्या वेळी विचारायचंच.

घरी पोचलो. सगळे वाट बघत होते. दत्तोपंत भिंतीला धरून, कमरेतून वाकून, असे उभे. मला वाटलं, पाहुण्याच्या मानासाठी वाकलेत! मी पण वाकलो. ते आणखी वाकले, "आई गं" म्हणाले. मी म्हटलं, किती नम्र माणूस!

काकू म्हणाल्या, "आणलीत का पेटी?"

"आणली. चौतीसचीच."

"देव भलं करो हो तुमचं!" असं म्हणून त्यांनी दत्तोपंतांचा सदरा मागून वर केला. खरंच सांगतो! आणि दत्तोपंतांनी दोन्ही हात वर केले, शिंप्याकडे मापाला उभे राहतात ना तसे. पाठ माझ्याकडे. आणि म्हणाले, "बांधा."

बांधा?

आता, ह्या ठिकाणी कुठलाही शहाणा माणूस काय करेल? विचारेल! "काका, काय बांधू? कुठं बांधू?" मी काय विचार केला सांगू? मी म्हटलं, ह्या अकॉर्डियनला पट्टे असतात. काकांनी बघितलं असेल कुठंतरी. मोठी माणसं, त्यांना माहीत आहे. हात वर आहेतच. मी गपचूप ती उचलली, आणि त्यांच्या दोन्ही हातांतून पट्टे घातले. मागून. पाठीवर. आठ किलो. आणि सोडली.

दत्तोपंतांनी जो सूर लावला! आणि पेटीनं साथ केली. "आयाईऽऽऽ", "भँऽऽऽ". गल्लीतले लोक म्हणाले, भजन सुरू झालं वाटतं.

नंतर ते पलंगावर आडवे. मी कोपऱ्यात. आणि काकू एका एका शब्दावर थांबत म्हणतात, "अहो अक्षत… पेटी म्हणजे… कमरेची पेटी. ह्यांच्या मणक्याला. डॉक्टरांनी सांगितली ती. चौतीस म्हणजे ह्यांची कंबर हो!"

माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "पण… मराठीत तर पेटी…"

"अहो, तो शब्द मराठी नव्हताच! तुम्ही हिंदी शाळेतले, हिंदीत पट्ट्याला पेटीच म्हणतात ना, म्हणून मुद्दाम तुमच्यासाठी हिंदी शब्द घातला! कंबरपट्टा लिहिलं असतं तर तुम्ही दागिना आणला असता!"

ऐकलंत? मी त्यांच्यासाठी मराठी झालो, आणि त्या माझ्यासाठी हिंदी झाल्या! दोघं एकमेकांच्या घरी निघालो आणि वाटेत चुकामूक झाली! आणि बाजाची पेटी? ती होती हो त्यांच्याकडे! तिथंच, खिडकीखाली, विणलेला रुमाल टाकून. वर्षभर मी तिला शिलाई मशीन समजत होतो. एकदा तर म्हणालोसुद्धा, "काकू, तेल घालून देऊ का?"

पलंगावरून दत्तोपंतांचा आवाज आला, "त्यांना रागवू नका. वस्तू उत्तम आहे. वाजवता येते का हो तुम्हाला?"

"नाही."

"आम्हालाही नाही," ते म्हणाले, आणि भिंतीकडे वळायला गेले, पण वळता येईना, म्हणून माझ्याकडेच बघत राहिले.

पेटी उचलून निघालो, तर काकू म्हणाल्या, "राहू द्या हो, एवढं ओझं पुन्हा कुठं वाहता?" मला बरंच वाटलं. म्हटलं, ती इथं राहिली म्हणजे पुन्हा यायला कारण राहिलं.

वल्लरी फाटकापर्यंत आली. ह्या वेळी "मग?" म्हणाली नाही. हसलीही नाही. म्हणाली, "तुम्ही विचारलं का नाही?"

मी म्हटलं, "मला वाटलं, मला माहीत आहे."

"माहीत असलं तरी विचारायचं असतं अक्षत. समोरचं माणूस वाट बघत असतं. नाही विचारलं तर त्यानं काय समजायचं?"

मी म्हटलं, "चूक झाली. पुढच्या वेळी आधी माप विचारीन."

तिनं फाटक उघडून धरलं. मग म्हणाली, "बस निघेल तुमची."

आणि मी बसलो बसमध्ये. आणि वाटेत घाटाबिल्लोदला बस थांबली, लोक उतरले, मी समोसा घेतला, पहिला घास घेतला, आणि… माझ्या हातातून समोसा खाली पडला. अरे, ती कमरेच्या पेटीचं बोलत नव्हती! ती कमरेच्या पेटीचं बोलतच नव्हती!! शेजारचे काका म्हणाले, "क्या हुआ भिया, मिर्ची लगी क्या?" मी म्हटलं, हां, लगी. फोन काढला. त्यांच्या घरचा नंबर लावला. उचलला… काकूंनी. "काय हो, काही विसरलात का?" मी म्हटलं, "नाही, काकांची कंबर कशी आहे विचारायचं होतं." त्या म्हणाल्या, "अहो, आताच तर गेलात! तासाभरात काय होणार आहे तिचं?"

पुढचे आठ दिवस मी खराद मशीनला, म्हणजे लेथला, विचारत होतो. खोटं नाही. मशीन चालू करायचं म्हणजे आवाजात कुणाला ऐकू जात नाही, आणि म्हणायचं, "वल्लरी, माझ्याशी लग्न कराल का?" पहिल्या दिवशी अडखळलो. चौथ्या दिवशी जमलं. सातव्या दिवशी बळवंतराव मागे उभे. म्हणाले, "माझं झालंय रे," आणि गेले.

रविवारी निघालो. निघताना आमच्या कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेलो, तर तिथं टांगलेल्याच! "चौतीस की पेटी," मी म्हटलं. त्यानं काढून दिली. अर्धा मिनिट! 'कौनसी पेटी' असंसुद्धा विचारलं नाही त्यानं!

धार. फाटक. माझं वाक्य तोंडात तयार, पेढ्यासारखं. आणि आतून गाणं येतंय. अकॉर्डियनवर. असं सुरेख, असं मऊ, की मी तिथंच थांबलो. मला वाटलं, रेडिओ आहे. रेडिओ नव्हता. सोफ्यावर एक उंच गोरा मुलगा, गळ्यात माझी पेटी, डोळे मिटून वाजवतोय. शेजारी त्याचे आईबाबा. दत्तोपंत पलंगावर पडल्या पडल्या हातानं ताल धरतायत. काकूंच्या डोळ्यांत पाणी.

"या या या!" काकू म्हणाल्या. "हे धवल. इंदूरला सॉफ्टवेअरमध्ये असतात. वल्लरीला बघायला आलेत. आणि धवल, हेच हो ते, ज्यांनी ही पेटी आणली, अगदी इटलीहून!"

तो उठला, मला मिठी मारली, मध्ये आठ किलो. "भिया! क्या चीज लाए हो यार! कॉलेज के बाद आज हाथ में आई है!" वाईट मुलगा असता तर बरं झालं असतं हो. चांगला होता! त्याची आई म्हणते, "आमचं नक्की होत नव्हतं, खरं सांगते. पण ज्या घरात अशी वस्तू आहे, त्या घरात संस्कार असणारच." आणि दत्तोपंत, जे महिनाभर हसले नव्हते, ते म्हणतात, "बघू बघू म्हणता म्हणता योग असा येतो."

ती कमरेची पेटी माझ्या काखेत. तशीच.

मग धवल म्हणाला, "बस भिया, एक पट्टी अटक रही है इसकी. बीच वाली. दबती है तो उठती नहीं."

आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. काकू म्हणाल्या, "ह्यांना मशीनमधलं सगळं कळतं हो." धवलनं पेटी काढून माझ्या मांडीवर ठेवली. मी बघितलं. खरंच अडकत होती. आतली बारीक स्प्रिंग सरकली होती, दुसरं काही नाही.

तेवढ्यात वल्लरी आतून आली. निळी साडी, हातात चहाचा ट्रे. तिनं ट्रे ठेवला. बसली नाही. सरळ माझ्यासमोर आली, सगळ्यांच्या देखत, आणि म्हणाली,

"अक्षत. तुम्हाला काही विचारायचं आहे?"

दत्तोपंत पलंगावरून मान उचलून बघतायत. काकूंनी पदर तोंडाला लावला. धवल माझ्याकडे बघतोय, त्याची आई माझ्याकडे बघतेय. वाक्य पाठ होतं हो! शब्द शब्द पाठ! तोंड उघडलं, आवाज निघाला, आणि मी विचारलं. पहिल्यांदा. सगळ्यांसमोर. स्वच्छ मराठीत.

"घरात बारीक पेचकस आहे का?"

होता. तिनंच आणून दिला. मधलीच पट्टी होती… आता एकदम मोकळी वाजते.